माहुलच्या खाडीतल्या नोंदी : तेल येण्याआधीचं काम

२५ एप्रिल २०२४

आज सुरुवात झाली. परवा चैत्री पौर्णिमा होती, म्हणजे उधाण चालू आहे आणि सकाळचं पाणी पार खाली उतरतं. सव्वासहाला माहुल कोळीवाड्यातून नाखवांच्या होडीत बसलो. सातच्या आत दोन्ही बाजूंचं खाजण उघडं पडलं.

काम असं आहे. शिवडी ते पीरपाव हा किनारा जमेल तिथे पायी आणि बाकी होडीने बघायचा, त्याचे तुकडे पाडायचे, तेल आलं तर कोणता तुकडा किती नाजूक ते ठरवायचं. बारा ठरलेल्या जागी दर महिन्याला पाणी आणि चिखल तपासायचा. शेवटी तेल टर्मिनलच्या आपत्ती आराखड्यात घालता येईल असा एक पानी नकाशा द्यायचा. खाडीचा कोणता फाटा आधी अडवायचा, कुठून, कशाने आणि पाण्याच्या कोणत्या वेळेला, एवढंच त्यात असेल.

हीच जागा का, ते होडीतून मान फिरवली की कळतं. पूर्वेला पीरपावची जेटी, समोर जवाहर द्वीपाचं तेल टर्मिनल, पाठीशी माहुलच्या दोन रिफायनऱ्या, दक्षिणेला न्हावा शेव्याकडे जाणारी कंटेनर जहाजं, डोक्यावर जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू. या सगळ्यांच्या मधोमध शिवडीचा चिखल आहे, नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी जिथे चरतात तो.

किनाऱ्याचा नाजूकपणा मोजायला १ ते १० अशी पट्टी जगभर वापरतात. लाटा थेट आपटतात तो उभा खडक १, कारण तिथलं तेल लाटाच धुऊन नेतात. आडोशाची चिखलवट ९. कांदळवन १०. आज पाहिलेल्या पट्ट्यात ९ आणि १० सोडून फारसं काही नाही. मध्येच दगड रचलेले बांध आहेत, त्यांना आम्ही ६ दिले. पण त्यांचाही त्रास असतो. फटींत शिरलेलं तेल महिनोन्महिने प्रत्येक भरतीला थोडं थोडं बाहेर येतं.

एका ठिकाणी गुडघाभर चिखलात उतरून अर्ध्या मीटरची चौकट टाकली आणि तिवराची श्वसनमुळं मोजली. ७४ भरली. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर उंच, सालीवर बारीक छिद्रं. चिखलात हवा नसते, म्हणून पाणी उतरलं की झाड या छिद्रांतून श्वास घेतं. जाड तेलाचा थर बसला की छिद्रं बुजतात. झाड त्या दिवशी हिरवंच दिसतं, पानं गळायला आठवडे लागतात आणि तोवर कॅमेरे निघून गेलेले असतात. मोजलेल्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांना बांबूच्या काठ्या रोवल्या. पुढच्या वेळी हीच ७४ मोजायची आहेत.

२७ एप्रिल

पाण्याचे नमुने गोळा केले. नेहमीप्रमाणे विद्राव्य ऑक्सिजन, क्षारता, सामू, गढूळपणा. पेट्रोलियम हायड्रोकार्बनसाठी वेगळ्या बाटल्या.

९ मे

काल अमावास्या. भरती पाऊणच्या सुमारास. नाखवांना वेळ विचारली तर त्यांनी तक्ता न बघता सांगितली. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आज द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. छापील तक्त्यापेक्षा पाऊण तासाने पुढे, पण होडी कधी काढायची हे ठरवायला पुरे. अष्टमीला हाच हिशेब सहा सांगतो, आणि भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या, दिवसांत भरती खरोखर सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपासच असते.

आज संत्री सोडली. साठ. दादरहून आणली, प्रत्येकावर न पुसणाऱ्या शाईने आकडा घातला. तेलाची वाट शोधायला संत्रं वापरण्याची पद्धत जुनी आहे. आधी खाडीच्या पाण्याच्या बादलीत एक सोडून पाहिलं. जवळजवळ सगळं बुडालेलं, वर दोन बोटं. म्हणजे वाऱ्याने फार ढकललं जात नाही, प्रवाहाबरोबर जातं. आणि हरवलं तर खाडीत कचरा राहत नाही. बंदराच्या नियंत्रण कक्षाला आदल्या दिवशी कळवलं होतं.

दीड वाजता, ओहोटी लागल्यावर, माहुलच्या बाजूच्या एका छोट्या फाट्याच्या तोंडासमोर तीन जागी वीस-वीस सोडली. एक ढीग मधल्या प्रवाहात, एक त्याच्या अलीकडे, एक तिवरांपासून पन्नास-साठ मीटरवर. कागदावर आमचा अंदाज सरळ होता. ओहोटी आहे, वारा वायव्येकडून आहे, सगळी बाहेर, जवाहर द्वीपाच्या दिशेने जातील.

नाखवा म्हणाले, "सुकतीला हितं दोन पानी हायत, बाय. मधलं भाईर जातं. कडंचं उलटं फिरतं."

तीन वाजेपर्यंत मधली वीसच्या वीस नजरेआड झाली होती. कडेची मात्र हळूच थबकली, एका जागी गोल फिरली आणि काठाकाठाने मागे येऊन फाट्याच्या तोंडात शिरली. सहा वाजता पाणी उतरल्यावर चिखलात उतरून शोधली. कडेच्या वीसपैकी सतरा फाट्यात सापडली, त्यातली अकरा मुळांमध्ये अडकलेली. क्रमांक ४३ तर अशा बेचक्यात होतं की हात घालून काढताना बाही फाटली.

१० मे

अक्षय्य तृतीया. ऑफिसला सुट्टी नव्हती, पण माणसं कमी होती, त्यामुळे निवांत बसून नकाशा केला.

तेल पाण्यावर कसं सरकतं याचा पहिला हिशेब सोपा असतो. प्रवाहाचा पूर्ण वेग अधिक वाऱ्याच्या वेगाचे सुमारे तीन टक्के. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वीस नॉटचा (ताशी वीस सागरी मैल) वारा असेल तर तेलाला ०.६ नॉट ईशान्येकडे ढकल मिळते. म्हणजे बंदराच्या तोंडाशी सांडलेलं तेल त्या दिवसांत खाडीच्या आत येणार. मोठ्या समुद्रासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेचा गळती-अंदाज आहे आणि तो उपयोगाचा आहे. पण साठ मीटर तोंडाच्या फाट्यात कडेचं पाणी उलटं फिरतं, हे कळायला इथे चाळीस वर्षं जाळी टाकलेला माणूस लागतो. नकाशावर त्या उलट्या पाण्याला बाण काढला आणि बाजूला "नाखवांची माहिती, ९ मे रोजी तपासली" असं लिहिलं. हे लिहायला हवंच होतं. अशा अहवालांत ही माहिती नेहमी कुणा "स्थानिक सूत्रां"कडून आलेली असते.

२१ मे

काल मतदान, होडी नाही. आज प्रयोगशाळेचे आकडे आले आणि एप्रिलची पूर्ण तुकडी टाकून द्यावी लागली. चूक माझी. बारापैकी पाच जागी नमुना होडीच्या मागच्या बाजूने, इंजिन चालू असताना घेतला होता, आणि दोन बाटल्यांची झाकणं प्लॅस्टिकची होती. त्या सात नमुन्यांत तेल बाकीच्यांच्या कितीतरी पट. ते खाडीचं तेल नव्हतं, आमच्याच इंजिनचं आणि झाकणांचं होतं. मग उरलेल्या पाचांवर तरी कसा विश्वास ठेवायचा?

मला हे फार लागलं. या प्रकल्पाचा सगळा जीव "आधी काय होतं" या एका प्रश्नात आहे. मुंबईच्या खाडीत तेल कधीच शून्य नसतं. गॅरेजं, नाले, सांडपाणी, होड्या, सगळ्यांचं थोडं थोडं रोज येतं. उद्या गळती झाली तर पहिला वाद हाच असेल, की हे तेल आधीपासूनच होतं की नवीन. आधीचा आकडा स्वच्छ नसेल तर नुकसानभरपाई मागणाऱ्या कोळ्याच्या हातात काहीच राहत नाही.

आता नियम लिहून भिंतीवर लावले. इंजिन बंद करून, होडी वाऱ्याला आडवी येईपर्यंत थांबून, वाऱ्याकडच्या बाजूने हात लांब करून नमुना घ्यायचा. गडद काचेची बाटली, हेक्झेनने धुतलेली. झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद. बर्फाची पेटी. आणि दर फेरीत एक कोरी बाटली, जी उघडून, शुद्ध पाणी भरून परत आणायची, म्हणजे आमचीच घाण किती ते कळेल.

चिखलाचे तीन नमुने गोठवून ठेवले आहेत, तेलाच्या ठशासाठी. कच्च्या तेलात होपेन नावाचे रेणू असतात. ऊन, लाटा, जिवाणू बाकीचं तेल खातात, हे मात्र दीर्घकाळ टिकतात. त्यांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक तेलाचं वेगळं असतं, त्यामुळे किनाऱ्यावरचं तेल कोणत्या टाकीतलं हे जुळवता येतं. पण जुळवायला आधीचा ठसा जपलेला हवा.

३० मे

रोहित गेले. चिखलावर पावलांचे ठसे आणि चोचींनी काढलेल्या गोल नक्ष्या तेवढ्या राहिल्या आहेत. परवापासून मासेमारी बंदी, १ जून ते ३१ जुलै. नमुने नीट घेतले. कोरी बाटली कोरी आली.

१२ जून

पाऊस रविवारी आला. आज टर्मिनलच्या लोकांबरोबर बैठक आणि गोदामाची पाहणी.

भारतात तेलगळतीचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आहे आणि समुद्रातल्या कारवाईचं सूत्र तटरक्षक दलाकडे आहे. ७०० टनांपर्यंतची गळती ही पहिली पायरी, ती बंदरं आणि तेल हाताळणाऱ्यांनी आपल्या साधनांनी आवरायची. त्यापुढे तटरक्षक दल आपली जहाजं घेऊन उतरतं. म्हणजे आपल्या फाट्यापाशी पहिले काही तास जे व्हायचं ते याच गोदामातल्या सामानाने होणार.

सामान आहे आणि चांगलं आहे. बूमची, म्हणजे तेल अडवणाऱ्या तरंगत्या कुंपणाची, गुंडाळी, पाण्यावरचं तेल उपसणारे दोन स्किमर, शोषक पॅडचे गठ्ठे, नांगर. मी एकच प्रश्न विचारला. हे फाट्याच्या तोंडाशी पोचायला किती वेळ? उत्तर आलं, दोन तास. मी विचारलं, ओहोटीला? यावर कुणी काही बोललं नाही. मग एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, ओहोटीला तिथे आमची बोट लागतच नाही." त्याने खरं सांगितलं याचं मला बरं वाटलं. मॉक ड्रिल २४ जुलैला ठरली, मुद्दाम उधाणात.

चेन्नईजवळ एन्नोरला २८ जानेवारी २०१७ रोजी दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा किनाऱ्यावरचा काळा लगदा शेकडो माणसांनी बादल्यांनी उपसला होता. जड इंधन तेल पाण्यात घुसळलं की पाणी शोषून घेतं आणि तिप्पट-चौपट फुगतं, तिथे पंप चालत नाहीत. खडकाळ किनाऱ्यावर बादली तरी चालते. कांदळवनात माणसं उतरवली तर प्रत्येक पाऊल तेलाला चिखलात खोल दाबतं, म्हणून तिथे साफ करण्यापेक्षा आत येऊ न देणं एवढाच खरा उपाय आहे. तेल फोडणारी रसायनंही इतक्या उथळ पाण्यात, कांदळवनाजवळ, चालणार नाहीत. बैठकीत मी हे तीनदा सांगितलं.

९ जुलै

रविवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत शहरात काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. आज नमुने घेतले. फाट्यातलं पाणी चाखलं तर जवळजवळ गोडं, क्षारता नेहमीच्या पाव भागाइतकी. नाल्याच्या तोंडाशी इंद्रधनुषी तवंग. पावसाने रस्त्यांवरचं आणि गॅरेजांतलं तेल धुऊन आणलं आहे. हाही "आधीचा आकडा"च. पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला वेगळा ठेवायचा.

२४ जुलै

मॉक ड्रिल. पाणी सकाळी पावणेआठला तळाशी, भरती दोनच्या सुमारास. म्हणून अकरा वाजता, पाणी सगळ्यात जोरात आत येत असताना परीक्षा.

तेलाऐवजी चुरमुरे. दोन पोती. तरंगतात, पांढरे असल्याने लांबून दिसतात, मासे खातात.

कंत्राटदाराची बोट पावणेदहाला फाट्याच्या तोंडाशी आली, कारण त्याआधी तिला पाणीच नव्हतं. तोवर भरती चांगलीच लागली होती. साठ मीटरच्या तोंडावर बूम सरळ आडवं ताणलं. एक टोक नांगराला. दुसरं टोक एका मोठ्या तिवराच्या बुंध्याला बांधू लागले तेव्हा मी ओरडले. दोर सालीत रुततो, आणि ते झाड वाचवायलाच तर आपण आलोय. शेवटी ते टोक जुन्या दगडी उताराच्या लोखंडी कडीला बांधलं, पण त्यासाठी बूम वाकडं करावं लागलं.

पाण्याचा वेग मी स्वतः मोजला. दोन काठ्यांमध्ये दहा मीटर अंतर, मधून नारळाची करवंटी सोडली. तेरा सेकंद, पुन्हा तेरा, मग बारा. म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरच्या थोडं वर, दीड नॉट.

चुरमुरे सोडले. बूमपाशी येऊन पांढरी रेघ जमली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या मिनिटाने बूमचं पोट आत फुगलं, पाण्याखालचा पडदा आडवा होऊन वर आला आणि चुरमुरे त्याच्याखालून एकेका झुपक्याने पलीकडे निघाले. मग चिखलात नांगर घसरला. पाच मिनिटांत पांढरी रेघ फाट्याच्या आत तिवरांमध्ये होती, तिथेच, जिथे मे महिन्यात ४३ नंबरचं संत्रं सापडलं होतं.

नाखवा आपल्या होडीतून बघत होते. काही बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, "पान्याला आडवं उभं राहू नये."

२५ जुलै

आज शहर पावसाने बंद. घरी बसून हिशेब केला.

बूमवर काटकोनात येणारं पाणी ०.७ नॉटच्या वर गेलं की तेल खालून निसटतं. बूम चांगलं असो की स्वस्त, हे पाण्याचंच गणित आहे. काल दीड नॉट होता, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मग बूम तिरकं लावायचं, म्हणजे पाण्याचा काटकोनातला हिस्सा कमी होतो. दीड नॉटला कोन प्रवाहापासून साधारण २८ अंश. साठ मीटर तोंड त्या कोनात झाकायला १२८ मीटर बूम लागतं. काल आपल्याकडे होतं १००.

संध्याकाळी नाखवांना फोन केला, तिरकं कुठून कुठे लावावं म्हणून. ते म्हणाले तोंडावर नकोच, जरा बाहेर या, जिथे पाणी पसरतं. तिथे तोंड नव्वद मीटर, पण वेग नॉटभरच. गणित करून पाहिलं. कोन ४४ अंश, लांबी १२९ मीटर. बूम तेवढंच लागतं. पण दोरांवरचा ताण वेगाच्या वर्गाने बदलतो, तो निम्म्याहून खाली येतो. काल घसरलेला नांगर तिथे टिकला असता. शिवाय तिरक्या बूमचं आतलं टोक बरोबर दगडी उताराशी येतं, जिथे पाणी थबकतं आणि ट्रॅक्टर किंवा टँकर उतरू शकतो. तेल नुसतं अडवून चालत नाही, ते कुठेतरी नेऊन उचलावं लागतं.

राहिली वेळ. बूम पाणी थांबलेलं असताना, म्हणजे ओहोटीच्या तळाला, पसरावं लागेल. आणि नेमकं तेव्हाच गोदामाची बोट इथे पोचत नाही. त्यामुळे बूम गोदामात असून भागणार नाही. ते फाट्यापाशीच हवं, आणि चिखलावर चालता येणारी माणसं हवीत. अशी माणसं कोळीवाड्यातच आहेत. टर्मिनलला तसं पत्र लिहिलं. दीडशे मीटर बूम दगडी उताराशेजारच्या कोठारात, दोन्ही टोकांना पक्के खुंट, आणि कोळीवाड्यातल्या आठ जणांना पगारी प्रशिक्षण. पगारी हा शब्द अधोरेखित केला.

६ ऑगस्ट

बंदी उठली तरी इथले बहुतेक जण नारळी पौर्णिमेलाच जाळी पाण्यात घालणार. होड्यांची डागडुजी चालली आहे, रंग, इंजिनची कामं. सकाळी जेटीजवळ तवंग दिसला. सुमारे तीनशे मीटर लांब, वीस मीटर रुंद, इंद्रधनुषी. बघणाऱ्याला वाटेल केवढी गळती. पण तवंगाच्या रंगावरून जाडी कळते, आणि इंद्रधनुषी रंग म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा तिसरा हिस्सा ते त्याच्या पाचपट जाडी. ६,००० चौरस मीटरला गुणलं तर दोन लिटरपासून तीस लिटरपर्यंत. एका इंजिनचं काळं ऑइल एवढं असतं.

कुणाच्या होडीचं ते मी विचारलं नाही. नाखवांनीच संध्याकाळी चारजणांना बोलावलं आणि जेटीवर दोन रिकामी पिंपं ठेवली. काळं ऑइल यात, खाडीत नाही. ते घेऊन जाणारा अधिकृत माणूस शोधून देणं माझ्याकडे. होड्या सुरू व्हायच्या आत हे झालं ते बरं झालं.

७ ऑगस्ट

आज चौदा वर्षं झाली. ७ ऑगस्ट २०१० रोजी याच बंदरात एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलली, तिच्यावरचे कंटेनर पाण्यात पडले, सुमारे ८०० टन इंधन तेल सांडलं. तरंगत्या कंटेनरांमुळे काही दिवस बंदर बंद ठेवावं लागलं.

नाखवांच्या घरी गेले होते. त्यांच्या घरच्या मावशी चिंबोऱ्या आणि निवट्या हाताने धरतात, खाजणातली प्रत्येक वाट त्यांना ठाऊक. तेव्हाचं विचारलं. त्या सांगत होत्या आणि हाताने कोळंबी सोलत होत्या. सांगितलं ते असं. नारळी पौर्णिमा पंधरा-सतरा दिवसांवर होती. जाळी शिवून तयार होती, उसने पैसे घेतलेले होते. तेल इकडे फारसं आलं नाही, पण टीव्हीवर दिसलं आणि बाजारात गिऱ्हाईक फिरेना. टोपलीतला मासा ताजा होता, तरी बायका वास घेऊन पुढे जायच्या. "आमच्या मासलीत तेल नाय, हे दाखवाला आमच्याकडं काय व्हतं? काय बी नव्हतं."

मी वहीतलं पान उघडून त्यांना आमचे जून-जुलैचे आकडे दाखवले. बारा जागा, प्रत्येकीचे दोन महिने. त्यांनी कोळंबीचे हात पुसले, पान जवळ घेतलं आणि कुठली जागा कुठली ते विचारलं. सातव्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, हितं घेऊ नका, हितं नाला लागतो, वरच्या वळणावर घ्या, आमी निवट्या तिथं धरतो. बरोबर आहे. माणसं खातात तो मासा जिथला, तिथला चिखल तपासायला हवा. तेरावी जागा वाढवली.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. काम नाही. जेटीवर सोन्याचा मुलामा दिलेला नारळ दर्याला अर्पण होताना पाहिला, आरतीला उभी राहिले.

२२ ऑगस्ट

दुसरी परीक्षा. संकष्टी, वद्य तृतीया. पाणी सकाळी सव्वासातच्या सुमारास तळाशी.

टर्मिनलने पत्रातलं जवळजवळ सगळं मान्य केलं. कोठार झालं नाही, तात्पुरती ताडपत्री आहे. पण दीडशे मीटर बूम उताराशेजारी आलं, खुंट ठोकले गेले, प्रशिक्षण तीन दिवसांचं झालं. आठजणांत तीन बायका आहेत, मावशी त्यातल्या एक.

पावणेसातला आठजणांनी बूम चिखलावरून ओढत नेलं. लाकडी फळीवर गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखलाला रेटा देत सरकायची त्यांची रीत आहे, खोल रुततही नाही आणि मुळांवर पायही पडत नाही. आम्ही बूट घातलेले त्याच चिखलात अडकून पडलो होतो. आठला बाहेरचं टोक खुंटाला, आतलं उताराच्या कडीला. साडेआठला पाण्याने बूम उचललं.

साडेदहाला वेग मोजला, नॉटच्या जरा वर. चुरमुरे सोडले. ते बूमला लागले आणि थांबले नाहीत, तिरक्या काठाने घसरत घसरत उताराकडे निघाले. तिथल्या थबकलेल्या पाण्यात पांढरा गोळा जमला आणि स्किमरच्या माणसाने तो उपसला. दोर ताठ होते, खुंट हलला नाही.

गळती झाली ती काठाशी. उताराकडच्या शेवटच्या तीन मीटरांत चिखल उंचसखल आहे, तिथे बूम वाकडं बसलं आणि खालून वीतभर फट राहिली. पाणी वर येईपर्यंत त्यातून दोन-चार मुठी चुरमुरे आत गेले. तिथे वेगळं बूम लागतं, खाली पाण्याने भरायच्या दोन नळ्या आणि वर हवेची एक, जे ओहोटीला चिखलावर दबून बसतं आणि भरतीला तरंगतं. त्याचे दहा मीटर मागवायला सांगितले आहेत.

उताराच्या भिंतीवर पाटी रंगवली. बूम कोणत्या कडीला, पाण्याच्या कोणत्या वेळेला, टर्मिनलच्या नियंत्रण कक्षाचा नंबर, तटरक्षक दलाचा १५५४. भरतीची वेळ कशी काढायची हेही नाखवांच्या सांगण्यावरून खाली लिहिलं, तिथीची पाऊणपट.

चौकटीतली मुळं मोजली. ७६. दोन नवीन फुटली आहेत, करंगळीएवढी. पुढची फेरी १८ सप्टेंबर, पौर्णिमा, सकाळी साडेसहा.